भट्टीच्या तुकड्यातली माती

आमच्या गावात नवरात्रातल्या घटांची माती कुणी आपापल्या शेतातून आणत नसे. ती आमच्या घरून जात असे. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजाराकडे जाणारी वाट जिथे ओढा ओलांडते, तिथे आमच्या शेताचा एक कोपरा आहे. गाव त्याला भट्टीचा तुकडा म्हणते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझी वहिनी, म्हणजे दिवंगत थोरल्या भावाची पत्नी, तिथे जाई, खुरप्याने माती मोकळी करी, चाळणीतून चाळी आणि टोपल्या भरून आमच्या ओसरीत आणून ठेवी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून बायका येत. वहिनी दोन्ही हातांच्या ओंजळीने प्रत्येकीच्या पाटीत माती घाली. त्या मातीत गहू-ज्वारी पेरली जाई, वर पाण्याचा घट बसे, आणि दसऱ्याला उगवलेले पिवळे कोंब घरोघरी टोप्यांत खोवले जात.

ती माती गावाला का आवडे, हे सांगणे आवश्यक आहे. आमचे रान काळे आणि चिकट. पावसाळा संपता संपता त्यात पाय रुततो, ढेकळे फुटत नाहीत, मूठभर माती उचलली तरी हराळीची दोन मुळे हाताशी येतात. भट्टीच्या तुकड्यातली माती मात्र करडी, पिठासारखी मऊ. तिच्यात गवताचे मूळ नाही, मुंगी नाही, गांडूळ नाही. देवीच्या कामाला इतकी निर्मळ माती दुसरी कुठली, असे बायका म्हणत आणि आम्ही पुरुष माना डोलावत असू. जन्मभर निंदणी-खुरपणी करून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले, त्या माणसांना गवत न उगवणारी जमीन पवित्र वाटावी, यात मला आजही हसण्यासारखे काही दिसत नाही. आमच्यासारख्यांनीच करावी अशी ती चूक होती.

भट्टी होती ती शिशाची. मी तरुण असताना वडिलांनी तो कोपरा बाहेरगावच्या एका माणसाला वापरायला दिला होता. ट्रक-ट्रॅक्टरच्या निकामी बॅटऱ्या तिथे येत. त्या फोडायच्या, आतले पाणी जमिनीवर ओतून द्यायचे, शिशाच्या पट्ट्या वितळवून त्यांच्या लाद्या ओतायच्या, असे ते काम. पुढे भट्टीवाला निघून गेला, पत्रे गेले, आणि काळ्या खोक्यांचे तुकडे तेवढे मातीत राहिले. त्या काळातल्या माणसांवर मी आज न्यायाधीश होऊन बसणार नाही. भट्टी म्हणजे त्यांच्या लेखी एक काम होते, आणि शिसे मातीत मुरते व मुरलेले जात नाही, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मला सांगायचे आहे ते यंदाचे; यंदा मला सगळे सांगितले गेले होते.

या पावसाळ्याच्या आधी त्या पडीक तुकड्यात हळद लावावी असे माझ्या मनात आले. हिंगोलीत माझा एक आडत्या मित्र आहे. त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच व्यापार करीत आले आहे, आणि हळद नुसती बोटांनी मोडून तो तिची जात सांगतो. बेणे कुठले घ्यावे हे विचारायला मी त्याच्याकडे गेलो, तर त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"कोनता तुकडा? भट्टीवाला? अरे भाऊ, पैले माती तपासून घ्या. आजकाल माल बाहेर जाताना शिसं तपासतेत. तुमची हळद वापस आली तर आली. पर ती तुमच्या घरच्या भाजीत पन पडन ना?"

मी माती पिशवीत भरून बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली. काही आठवड्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांचा फोन आला. आवाज तरुण होता आणि बोलणे अतिशय स्पष्ट. त्या मातीत शिसे फार आहे. तिथे खाण्याचे काहीही घेऊ नका. ती उकरू नका, तिची धूळ उडू देऊ नका. लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका, कारण मुले हात तोंडात घालतात आणि त्यांच्या वाढत्या अंगाला शिसे सर्वांत जास्त बाधते. मी प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेलो. शेवटी त्यांनी विचारले, "ती माती तिथून कुठे बाहेर नेली गेली आहे का?"

मी नाही म्हणालो.

हे उत्तर मी विचार करून दिले नव्हते. ते इतके सहज निघाले की फोन ठेवल्यावर मी स्वतःकडेच थोडा चकित होऊन पाहत राहिलो. माती कुठे गेली होती, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते? दसरा झाला की घटाची माती कुणी रस्त्यावर टाकत नाही. ती तुळशीत जाते, नाही तर परसातल्या दोडक्या-कारल्याच्या आळ्यात जाते. वर्षानुवर्षे ओंजळीओंजळीने तो तुकडा घरोघरी जाऊन बसला होता, आणि त्याच परसात लेकरे रांगत होती.

तरीही मी कुणाला काही बोललो नाही. माझ्या मनाने एक सोयीचा मार्ग काढला: यंदापासून माती तिथून न्यायचीच नाही, म्हणजे झाले. तुकड्याभोवती मी तारेचे कुंपण घालून घेतले. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूने गाळाची एक ट्रॉली आणवून चावडीपुढे ओतावी, ज्याने त्याने आपापली माती न्यावी, म्हणजे कुणाला काही विचारायचे कारणच उरणार नाही, असे मी ठरवले. या योजनेत वहिनीला कुठेच जागा नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते असे म्हणालो, तर ते खोटे होईल. ध्यानात आले होते. मी त्याकडे पाहिले नाही.

वहिनीने कुंपण पाहिले आणि संध्याकाळी ओसरीत ज्वारी पाखडताना सहज विचारले, "भाऊजी, भट्टीच्या तुकड्याला तार काहून ठोकली?"

"डुकरं लई झाली, वैनी."

ती पाखडायची थांबली नाही. सूप तसेच हलत राहिले.

"डुकरं तिथं काय खाऊन राहिली? गवताचं पातं न्हाई तिथं."

तिने सूप खाली ठेवले, पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात माझ्याइतके सावकाश बोलणारे दुसरे कुणी नाही, आणि सावकाश बोलणारा माणूस खोटे बोलू लागला की ते लगेच दिसते. मी तिला सर्व सांगितले: आडत्याचा सल्ला, प्रयोगशाळेचा फोन, त्यांचा शेवटचा प्रश्न आणि त्याला मी दिलेले उत्तर.

माझे बोलणे संपल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मी माझ्या हातानं येकयेकीच्या घरात काय नेऊन घातलं?"

मी क्षमा मागू लागलो. इथे माझ्या स्वभावाविषयी थोडे लिहितो. चूक उमगली की मी फार लवकर क्षमा मागतो. लोक याला माझा नम्रपणा समजतात. मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत आलो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा दिसले की त्या घाईत समोरच्याचा राग ऐकून घेण्याची टाळाटाळ असते. मी वाकतो तो समोरच्याने काही बोलण्याआधी, म्हणजे मग त्याला बोलताच येऊ नये. वहिनीला हे माझ्याआधीपासून माहीत असावे.

"थांबा," ती म्हणाली. "तुमाला माफ करत बसू, का मातीचं पाहू? आन ती गाळाची ट्रॉली आणाची न्हाई."

मी म्हणालो की गाळ चांगला असतो, आणि तोही तपासून घेऊ.

"गाळाला मी कुठं वाईट म्हंते? पर तो चावडीपुढं पडणार, आन ज्यानं त्यानं नेयाचा. मंग मी कोण?" तिने सूप पुढे ओढले. "तुमचे भाऊ गेले, तवा हळदीकुंकू गेलं, ओटी गेली. माझ्या हातात ही येक टोपली राह्यली व्हती, भाऊजी."

हे मला ठाऊक होते. भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात, आता माती कुणाच्या हातून घ्यायची, अशी कुजबुज झाली होती. वहिनी टोपली घेऊन ओसरीत नेहमीच्या जागी बसली. पहिली बाई आली, मग दुसरी आली, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. तेव्हापासून शुभकार्याच्या कुठल्याही दारात मागे उभी राहणारी ही बाई वर्षातून एका सकाळी साऱ्या गावाच्या पुढे असे. आता तिनेच उठून गावाला सांगायचे, की माझ्या हातून तुमच्या घरी विष आले. लोक त्यावर काय म्हणतील याचा अंदाज तिला होता, मलाही होता. हात कुणाचा होता ते पाहा, असे म्हणणारी एखादी निघाली असती, आणि मग पुढची सारी वर्षे ते एकच वाक्य तिच्या मागे फिरले असते.

म्हणून मी म्हणालो की गावाला मी सांगतो. तुमचे नाव मध्ये येणार नाही, दोष तुकड्याचा आणि आमच्या घराचा आहे.

"माती मी दिली," ती म्हणाली. "सांगणं बी मीच सांगन. तुमी फकस्त मला बराबर समजून सांगा, म्हंजे इचारलं तर मला सांगता यावं."

मी दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत फोन करून माझे आधीचे उत्तर दुरुस्त केले. मला शरम वाटत होती. पण त्या अधिकाऱ्यांना माझ्या शरमेत काहीच स्वारस्य नव्हते. माती किती घरांत गेली असेल, तिच्यावर काय पिकते, लहान मुले किती, एवढेच त्यांनी विचारले. मग उपाय सांगितले. तुळशीतली आणि आळ्यातली माती ओली करूनच काढावी, म्हणजे धूळ होणार नाही. ती परत त्याच तुकड्यात नेऊन टाकावी, वर मुरमाचा आणि चांगल्या मातीचा जाड थर द्यावा, त्यावर गवत वाढू द्यावे आणि तिथे पुन्हा नांगर लावू नये. मुलांचे हात जेवणाआधी धुवावेत, आणि ज्या घरात लहान मूल आहे त्या घराने डॉक्टरांकडे जाऊन मुलाचे रक्त तपासून घ्यावे. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. वहिनी शेजारी बसून ऐकत होती. आळ्याचे वाक्य तिने त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले.

माझा नातू तेव्हा नुकताच चालू लागला होता. आम्ही त्याला हिंगोलीला नेले. रक्तात शिसे निघाले. डॉक्टर म्हणाले की घाबरण्याइतके नाही, पण मातीपासून दूर ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. परतताना जीपमध्ये तो वहिनीच्या मांडीवर झोपला. तिने त्याची मूठ उघडून बोटे पदराने पुसली, ती स्वच्छच होती, तरी पुसली. घरी पोचेपर्यंत तिचे सारे ठरले होते.

नवीन माती तिने ओढ्याच्या वरच्या अंगाच्या बांधावरची निवडली. तिथे गुडघाभर गवत होते. मला म्हणाली, "तुमी तपासून आणा, मंग मी देते." मी नमुना पाठवला, आणि तो चांगला असल्याचे कळल्यावरच तिने त्या बांधावर खुरपे लावले. मग पितृपक्षातल्या एका दुपारी ती शेजारच्या घरापासून सुरुवात करून दारोदार गेली. मी बरोबर येऊ का विचारले, तर म्हणाली, तुमी आले तर त्या माझ्याशी न्हाई, तुमच्याशी बोलतेन. प्रत्येक दारात तिने काय सांगितले ते मी ऐकले नाही. पण पुढचे काही दिवस गावातून जे परत ऐकू आले त्यावरून मी जुळवले. तिने आडपडदा ठेवला नव्हता. भट्टीच्या तुकड्यात शिसे आहे, ते मी तुमच्या घरी आणून दिले, मला माहीत नव्हते, आता माहीत झाले आहे. आणि शेवटी एक अट: यंदा नवी माती पाहिजे तर जुनी परत आणायची, तुळशीतली, आळ्यातली, ओली करून, झाकून.

गावाने ती अट कशी घेतली हे मी सजवून सांगणार नाही. काही घरांत तिला बसायला पाट मिळाला, तर काहींनी दारातूनच ऐकून घेतले. ज्या वाक्याची आम्हाला भीती होती, ते एका घरात बोलले गेले, आणि बोलणारीने ते वहिनीच्या कानी पोचेल अशा बेताने बोलले. वहिनी घरी आली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे बसली. काय झाले ते तिने सांगितले नाही. मला ते दुसरीकडून कळले. मी तिच्यापाशी तो विषय काढला नाही. त्या दिवसांत मी जे थोडे शिकलो, त्यात हे एक होते, की प्रत्येक जखमेवर माझेच शब्द पाहिजेत असे नाही.

घटस्थापनेच्या सकाळी ती ओसरीत नेहमीच्या जागी बसली. एका बाजूला बांधावरच्या मातीच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला जुनी माती घ्यायला मी आणलेली रिकामी पोती. सूर्य वर आला तरी कुणी नव्हते. मी उगाच गोठ्यात आणि अंगणात फेऱ्या घालत होतो. शेवटी पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी आली. ही बाई गावात जिभेच्या धारेसाठी प्रसिद्ध आहे. सुना तिला घाबरतात आणि जावई टाळतात. तिच्या डोक्यावर मोठी पाटी होती, वर ओले फडके. धापा टाकीत तिने ती उतरवली.

"बाई, माती नेयाला माती आणा लागती, असं मी आजवर ऐकलं न्हवतं," ती म्हणाली. "आमची तुळस सारी उकरली. सून म्हंते, सासूबाई, आता तुमाला बी येकदा धुऊन काढा."

वहिनी हसली. भट्टीच्या तुकड्याची गोष्ट कळल्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. तिने जुनी माती पोत्यात रिचवली, हात धुतले आणि मग ओंजळीने नवी माती म्हातारीच्या पाटीत घातली. म्हातारीने वाकून पाहिले. काळ्या चिकट मातीत एक गांडूळ वळवळत होते.

"यात तं किडे हायत व, बाई."

"हायत, म्हणूनच देऊन राहिले."

म्हातारीने पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याने जाता जाता दारोदार हाळी देत गेली, की माती आली आहे, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यानंतर बायका येऊ लागल्या. कुणी बादलीत, कुणी घमेल्यात, कुणी जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात आपापले परस घेऊन आल्या. एका तरुण आईने कडेवरच्या मुलाचे दोन्ही हात एका हाताने धरून ठेवले होते. काहींनी माती ठेवताना वहिनीकडे पाहिले नाही, काहींनी तिच्या दंडाला हात लावला. पोती भरत गेली तशी मी ती बैलगाडीत चढवीत गेलो. ज्या घरात ते वाक्य बोलले गेले होते, त्या घरातून कुणी आले नाही. वहिनीने त्यांच्या वाट्याची माती एका कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवली आणि दुपारनंतरही ती तिथून हलवू दिली नाही.

नवरात्राच्या दिवसांत आम्ही पोती तुकड्यावर नेऊन रिती केली, पाणी मारले, मुरूम पसरला, वर माती लोटली. आडत्या मित्र एका सकाळी स्वतः पाहायला आला. पायातली चप्पल कुंपणाबाहेर काढून ठेवीत म्हणाला, ही धूळ घरी नेली तर बेगम मला घरात घेणार नाही. मग बराच वेळ उभा राहून, काम बराबर झाले, असे त्याने सांगितले. मलाही तसेच वाटते. शिसे तिथेच आहे आणि आमच्यानंतरही राहील. पण ते कुठे आहे हे आता साऱ्या गावाला माहीत आहे, आणि त्याच्यावर झाकण आहे. काही परसांतून अजून माती यायची आहे. ती येईल.

दसऱ्याच्या सकाळी एक वेगळीच तक्रार घेऊन बायका आल्या. बहुतेक घरांच्या घटांत गव्हाच्या कोंबांबरोबर गवतही उगवले होते. कुठे हराळी, कुठे लव्हाळा. एका घरात तर मेथीसारखे काही तरी, ज्याचे नाव कुणालाच सांगता येईना. देवीपुढे गवत म्हणजे कसेसेच दिसते, असे त्यांचे म्हणणे. वहिनी म्हणाली, पुढच्या साली दोनदा चाळीन. मग म्हणाली, न्हाई, येकदाच चाळीन.

त्या बोलत असताना दाराशी ती बाई आली, जिच्या वाट्याची माती कोपऱ्यात झाकलेली होती. तिच्या हातात तुळशीची कुंडीच होती, आख्खी, वर फडके बांधलेले. वहिनीने कुंडी उतरवून घेतली, फडके सोडून पाणी शिंपडले, तुळस मुळांसकट अलगद मोकळी केली, तिची मुळे तांब्याभर पाण्यात धुतली आणि कोपऱ्यातले पोते बाजूला सारून झाकून ठेवलेल्या मातीत हात घातला. मला म्हणाली, "भाऊजी, दुसरी कुंडी आणा. ही तशीच नेऊन टाका."

मी कुंडी उचलली. ती जड होती. फडके पुन्हा नीट बांधून मी ती गाडीत ठेवली.